काळे पान: रंगवलेले की मुरलेले?

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यूयॉर्क आणि बॉस्टन या दोन महानगरांच्या साधारण मधोमध हार्टफर्ड हे शहर आहे. विमा कंपन्यांचे शहर अशी त्याची ख्याती. या कंपन्यांची संगणकाची कामे करण्यासाठी आलेली अनेक भारतीय कुटुंबे या परिसरात राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात दोन-चार महिने राहायला येणारे आईवडील ब्रॅडली विमानतळावर उतरू लागले, की विमानाच्या खिडकीतून त्यांना एक कोडे दिसते. गर्द झाडी, मधूनच सपाट शेते आणि शेतांच्या कडेला लांबच लांब, खिडक्या नसलेली लाकडी कोठारे. गोठे म्हणावेत, तर आसपास एकही गाय नाही. गोदामे म्हणावीत, तर भिंतींच्या फळ्या मधूनमधून उघड्या, एखाद्या जुनाट पेटीची झाकणे किलकिली करून ठेवावीत तशा. पावसापाण्याच्या देशात असले फटींचे कोठार कोण बांधील?

ही कोठारे तंबाखूची आहेत. ब्रॅडली विमानतळाची धावपट्टीसुद्धा तंबाखूच्या शेतांवरच आखलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ च्या सुमारास, विंडसर लॉक्स गावची ही शेते सरकारने विमानतळासाठी घेतली. अमेरिका म्हटले की गगनचुंबी इमारती डोळ्यांसमोर आणणाऱ्या पाहुण्याला, कनेक्टिकट नदीच्या या खोऱ्यात जगातल्या उंची सिगारांवर गुंडाळायचे पान पिकते, हे ऐकून नवल वाटल्यावाचून राहत नाही.

सिगार म्हणजे आपल्याकडचा चिरूट. त्याचे तीन भाग असतात. आत भरणा, त्याला आवळून धरणारे एक पान आणि सर्वांत वर दिसणारे, हाताला लागणारे देखणे पान. हे वरचे पान वजनाला अगदी थोडे, पण भावाला सर्वांत चढे. दुकानातल्या काचेच्या कपाटात या वरच्या पानाच्या किती छटा दिसतात! फिकट पिवळसर, दालचिनीसारख्या, विटकरी, कॉफीच्या बियांसारख्या आणि शेवटी जवळजवळ काळ्या. इतक्या काळ्या आणि तुकतुकीत की बुटाला पॉलिश केले असावे. हिरव्या वाटाण्यापासून हळदीपर्यंत सगळ्यात रंग मिसळलेला पाहून सावध झालेल्या भारतीय मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की याला रंग फासला आहे काय?

प्रश्न वेडगळ नाही. सिगार ओढणाऱ्या अमेरिकनांनाही तो पडतो आणि त्यावर दुकानांतून वाद झडतात. काळ्या पानाला स्पॅनिशमध्ये ‘मादुरो’ म्हणतात. मादुरोचा अर्थ ‘पिकलेले’. त्याहूनही काळे ते ‘ओस्कुरो’, म्हणजे गडद. पिकलेले हे नाव खरे की नुसते गोड, हे ठरवायचे तर दुकानात उभे राहून भागत नाही. शेतापासून सुरुवात करावी लागते.

एकच खोरे, दोन रंग

साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी, हिमयुग सरत असताना, या खोऱ्यात वितळत्या बर्फाचे एक प्रचंड सरोवर साचले होते. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला हिचकॉक सरोवर म्हणतात. पुढे बांध फुटला, सरोवर ओसरले आणि तळाशी बारीक वाळू व गाळाची सपाट जमीन उरली. पाण्याचा निचरा झटपट करणारी, भुसभुशीत, दगडगोटे नसलेली. न्यू इंग्लंडच्या इतर भागांत शेतकऱ्याचा जन्म शेतातले दगड वेचून कुंपणे रचण्यात गेला. या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला मात्र निसर्गाने चाळून दिलेली माती मिळाली.

इंग्रज वसाहतवाले १६३३ मध्ये विंडसरला आले, तेव्हा इथले मूळ रहिवासी तंबाखू लावतच होते. नवागतांनाही त्याची गोडी लागली. ती इतकी, की १६४७ मध्ये वसाहतीच्या कारभाऱ्यांनी नियम केला: एकवीस वर्षांखालच्या कोणी आणि ज्याला आधीपासून सवय नाही अशा कोणीही, वैद्याचा दाखला आणल्याशिवाय तंबाखू घेऊ नये. पावणेचारशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचून आजच्या डॉक्टरांना हसावे की रडावे, हे कळणार नाही.

आज जे पाहायला प्रवासी येतात ते पीक दोन प्रकारचे. एक सावलीतले आणि दुसरे उन्हातले. सावलीतल्याची कथा विसाव्या शतकाच्या आरंभाची. सुमात्रा बेटातून येणाऱ्या पातळ, रेशमी, फिक्या पानाने अमेरिकेची बाजारपेठ काबीज केली होती. खोऱ्यातले शेतकरी हवालदिल झाले. तेव्हा १९०० मध्ये विंडसरच्या पोक्वोनॉक भागात कृषी प्रयोग केंद्राने एक युक्ती करून पाहिली. शेतावर खांब रोवले, तारा ताणल्या आणि वरून पातळ सुती कापडाचा मांडव घातला. आत ऊन गाळून येऊ लागले, हवा दमट राहिली, पाने मोठी आणि कागदासारखी पातळ झाली. पुढे मैलोन् मैल शेते या पांढऱ्या मांडवाखाली गेली. एखाद्या थोर घराण्यातले लग्न असावे आणि मांडव संपूच नये, तसे ते दृश्य दिसे.

मांडवाखालचे पान एकेक करून तोडावे लागते. बुंध्याकडची दोन-तीन आधी, मग आठवड्याने वरची. त्यासाठी हात हवेत. जमैकाचे मजूर आले, नंतर पोर्टो रिकोचे आले. चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुले सुट्टीत आली आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांतले विद्यार्थीही आले. १९४४ च्या उन्हाळ्यात सिम्सबरी गावच्या अशाच एका मळ्यावर अटलांटाचा एक पंधरा वर्षांचा मुलगा राबत होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. इथे गोऱ्यांच्या बरोबरीने चर्चमध्ये बसता येते, हार्टफर्डच्या हॉटेलात जेवता येते, याचे अप्रूप त्याने घरी पत्रांतून कळवले होते. परतीच्या प्रवासात मात्र दक्षिणेत शिरल्यावर काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या डब्यात त्याला जावे लागले. १९४७ मध्ये तो पुन्हा एकदा इथे कामाला आला. ज्या खोऱ्यात पानाचा रंग पाहून भाव ठरत होता, तिथे माणसाचा रंग पाहण्याची चाल थोडी सैल होती, एवढे तरी म्हणता येईल. मळ्याची ती जमीन इमारतींच्या घशात जाऊ नये म्हणून सिम्सबरीच्या नागरिकांनी २०२१ मध्ये मतदान करून ती विकत घेण्याचा कौल दिला.

हे झाले फिक्या पानाचे. काळे पान जन्माला येते ते उघड्या शेतात, मांडवाशिवाय, भर उन्हात. त्या जातीला ‘ब्रॉडलीफ’ म्हणतात, म्हणजे रुंद पानाची. ऊन खाऊन तिचे पान जाड होते, शिरा ठसठशीत होतात आणि वरून एक चिकट तेलकटपणा येतो. नदी तीच आणि मातीही जवळजवळ तीच. तरी एका शेतातले पान दुधाळ कॉफीच्या रंगाचे होते, तर पलीकडच्या शेतातले काळ्याकुट्ट चॉकलेटच्या रंगाचे. प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा इथेच सापडतो. काळे होण्याची ताकद रोपाच्या जातीत आणि उन्हात असते.

कोठारातले आठवडे

ब्रॉडलीफ पानापानाने तोडत नाहीत. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये अख्खे रोप बुंध्याशी कापतात. उन्हात थोडे मलूल होऊ देतात आणि मग लाकडी पट्टीच्या टोकाला लोखंडी भाला बसवून एका पट्टीवर पाच-सहा रोपे ओवतात. या पट्ट्या कोठारात खालपासून आढ्यापर्यंत उलट्या टांगायच्या. आढ्याजवळच्या वाशांवर पाय फाकून उभा राहणारा माणूस खालून येणारी ओली, जड पट्टी झेलतो, तेव्हा खालून पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. काम करणाऱ्यांचे हात संध्याकाळपर्यंत काळ्या डिंकाने माखतात. तो सहजासहजी धुऊन निघत नाही. पान अजून हिरवेगार, पण हात काळे! ज्यांना रंगाची शंका असते, त्यांनी हे हात जरूर पाहावेत. या डिंकाबरोबर निकोटिनही कातडीतून अंगात शिरते. विशेषतः पाने दवाने ओली असली, की मळमळ, चक्कर, ओकाऱ्या असा त्रास मजुरांना होतो. तंबाखूशी जवळीक ओढणाऱ्यालाच महागात पडते असे नाही.

भिंतींतल्या त्या फटींचा उलगडा आता होतो. सहा ते आठ आठवडे पान कोठारात टांगलेले असते आणि शेतकरी दररोज आकाशाकडे पाहून फळ्या उघडतो किंवा मिटतो. हवा फार कोरडी झाली, तर पान हिरवे असतानाच करपते. मग ते कधीच नीट रंगत नाही. हवा फार दमट राहिली, तर सडते. वाळणे सावकाश हवे, कारण या काळात पान अजून एका अर्थाने जिवंत असते. आधी त्यातले हरितद्रव्य मोडते आणि पान पिवळे पडते. पिवळा रंग काही नव्याने येत नाही. तो आत होताच, फक्त हिरव्याखाली झाकलेला. त्यानंतर पेशी मरू लागतात आणि पानातली तुरट द्रव्ये हवेतल्या प्राणवायूला भेटतात.

ही भेट प्रत्येक गृहिणीने पाहिलेली आहे. चिरलेले वांगे पाण्यात टाकायचे राहिले की काळे पडते. सफरचंदाची फोड ताटलीत ठेवली की तपकिरी होते. तंबाखूच्या पानात तेच घडते. फरक इतकाच, की वांगे पाच मिनिटांत काळवंडते आणि इथे तेच काम शेतकरी आठवडेच्या आठवडे, फळ्यांची उघडझाप करत, लांबवत नेतो. ब्रॉडलीफचे पान बुंध्याला जोडलेलेच वाळते, त्यामुळे वाळणे आणखी संथ होते. शिवाय उन्हात वाढलेल्या जाड पानात तुरट द्रव्यांचा साठा मोठा. साठा मोठा म्हणून रंगही गडद.

उलट टोकालाही एक गंमत आहे. पान तोडल्याबरोबर बंद कोठारात जोरदार उष्णता देऊन काही दिवसांतच वाळवले, तर हरितद्रव्य मोडायला वेळच मिळत नाही आणि पान हिरवे राहते. अशा हिरव्या सिगारांना ‘कांदेला’ म्हणतात. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत त्यांची चलती होती. त्या हिरव्या सिगारांवरही रंग दिल्याचा संशय घेतला जातो, आणि तिथेही रंग नसतो. नुसते घड्याळाचे खेळ!

आढी आणि कार्बाइड

कोठारातून निघालेले पान तपकिरी असते, काळे नव्हे. काळेपणा येतो तो पुढच्या टप्प्यात आणि हा टप्पा आता बहुतेक वेळा खोऱ्यात होतही नाही. पाने निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक अशा देशांत पाठवली जातात. तिथे ती किंचित ओलसर करून एकावर एक रचतात. शेकडो, कधी हजारो किलोंचा चौकोनी ढीग! स्पॅनिशमध्ये त्याला ‘पिलोन’ म्हणतात. काही दिवसांत ढीग आतून तापू लागतो. कोकणात आंब्याची आढी घालतात ना, तशीच ही आढी. गवतात घातलेला हापूस आपल्याच उबेने पिकतो. तंबाखूचा ढीगही आपल्याच उबेने मुरतो. मधोमध काठी खुपसून किंवा तापमापक घालून उष्णता पाहतात. ठरावीक अंशाला पोचली, की ढीग मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत घालून पुन्हा रचायचा. नाकात झोंबणारा अमोनियाचा दर्प सुटतो. पानातला कडवटपणा त्याच्याबरोबर थोडाथोडा निघून जातो.

फिके, नाजूक पान फार उष्णता सोसत नाही, फाटते. ब्रॉडलीफ मात्र दणकट. त्याच्या ढिगाला साठ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ दिले, तरी ते टिकते. मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यातले सान आंद्रेस तुश्तला गावचे काळे पानही असेच सोशिक आणि म्हणूनच मादुरोसाठी नावाजलेले. या उष्णतेत साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी संयोग पावतात, जसे कांदा मंद आचेवर परतताना किंवा भाकरीला खरपूस डाग पडताना होते. महिने उलटतात, कधी वर्ष-दोन वर्षे जातात आणि तपकिरी पान काळपट होत जाते. उत्तम मादुरोचा काळा रंग असा तयार होतो. त्यात बाहेरचा थेंबभरही रंग नसतो.

पण ‘उत्तम’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आढी आहे तिथे कार्बाइडही आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हापूसला चार दिवसांत पिवळे करणारे व्यापारी जसे आपल्याकडे निघाले, तसे पानाला चार दिवसांत काळे करणारेही तिकडे आहेत. वेळ म्हणजे पैसा. दोन वर्षे गोदामात माल अडकवण्यापेक्षा बंद खोलीत वाफ देऊन पान झटपट शिजवणे परवडते. याला रंगवणे म्हणता येणार नाही, कारण वरून काही घातलेले नाही. पण मुरवणेही म्हणता येणार नाही. असे पान दिसायला काळे, चवीला मात्र पोकळ, असे जाणकार म्हणतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे काढा. तंबाखूचे देठ पाण्यात भिजत घालून, आंबवून केलेला काळपट द्राव पानांवर शिंपडण्याची रीत जुनी आहे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘बेतून’ म्हणतात. मूळ उद्देश ढीग लवकर तापावा आणि चव भरावी हा. पण त्याने रंगही गडद होतो. हे रंगवणे की मुरवणे? तंबाखूलाच तंबाखूचे पाणी दिले, यात फसवणूक ती काय, असे कारखानदार विचारतो. गिऱ्हाइकाने यावर काय म्हणावे? निदान एवढे, की विचारल्यावर खरे सांगावे. खोक्यावर पानाची जात आणि देश ठळक छापलेला असतो, पण ते काळे कशाने झाले याबद्दल सहसा अक्षर नसते.

आणि शेवटी सरळसरळ रंग. यंत्रावर बनणाऱ्या स्वस्त सिगारांवर पुष्कळदा अखंड पान नसतेच. तंबाखूचा भुगा, डिंकासारखे चिकट द्रव्य आणि पाणी यांचा लगदा करून कागदासारखे ताव काढतात आणि ते गुंडाळतात. या तावाला हवा तो रंग देणे अगदी सोपे. हाताने वळलेल्या सिगारांतही पानावर वनस्पतीजन्य किंवा इतर रंग फिरवण्याचे प्रकार घडतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत सिगारची एकाएकी लाट उसळली. मागणी इतकी वाढली, की नीट मुरलेले पान पुरेना आणि घाईने तयार केलेला माल बाजारात शिरला. काळ्या सिगारकडे संशयाने पाहण्याच्या सवयीला तेव्हापासून चांगलेच खतपाणी मिळाले.

रंग देण्यामागे नुसती घाई नसते, हे खोऱ्यातला शेतकरी ओळखून आहे. वरचे पान निर्डाग लागते. ऑगस्टमध्ये पाच मिनिटे गारा पडल्या, निळ्या बुरशीने गाठले किंवा पट्टी झेलताना पान फाटले, की ते वरच्या पानाच्या मोलाचे राहत नाही. मग ते आतल्या बांधणीला किंवा भरणीला जाते, भाव कितीतरी पडतो. आता डागाळलेल्या, एकसारख्या न रंगलेल्या पानावर गडद रंगाचा हात फिरवला तर? डाग झाकला जातो. हलके पान भारी पानाच्या रांगेत बसते. म्हणजे रंगाने गिऱ्हाईक तर फसतेच, पण ज्याने उन्हाळाभर आकाशाकडे पाहत एक स्वच्छ पान वाचवले, त्याच्या मेहनतीचे मोलही बुडते. कोल्हापूरच्या गुळाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून रसायन घालून तो उजळ करत आणि साधा काळसर गूळ करणाराच मागे पडे. डोळ्याला भुलणारे गिऱ्हाईक सगळीकडे सारखेच.

पांढऱ्या रुमालाची परीक्षा

मग ओळखावे कसे? दुकानदार सांगतात ती सोपी परीक्षा म्हणजे ओला पांढरा रुमाल किंवा कागदी टिपकागद पानावर हळूच फिरवायचा. शाईसारखा काळा डाग उमटला, ओठ आणि बोटे रंगली, तर रंग दिला असण्याचा संभव मोठा. पण इथे एक मेख आहे. अस्सल मुरलेले पानही ओले झाले, की चहाच्या पाण्यासारखा तपकिरी डाग सोडते, कारण त्यातली तुरट द्रव्ये पाण्यात विरघळतात. चहाच्या पानाला कोणी रंग दिलेला नसतो, तरी कप रंगतोच. तेव्हा नुसता डाग पाहून दुकानदाराशी भांडण काढू नये. डाग चहासारखा की शाईसारखा, ते पाहावे.

त्याहून भरवशाची खूण डोळ्यांना दिसते. खऱ्या पानाचा रंग कधीच सर्वत्र एक नसतो. शिरेजवळ गडद, कडेला किंचित उजळ, कुठे लालसर झाक, कुठे तेलकट चमक. एकाच खोक्यातल्या दोन सिगारसुद्धा अगदी जुळी भावंडे नसतात. क्यूबातल्या कारखान्यांत तर वळून झालेल्या सिगारी रंगाप्रमाणे लावणारे खास कारागीर असतात. शेकडो सिगारींतून ते जवळच्या छटांच्या निवडतात आणि खोक्यात डावीकडे सर्वांत गडद, उजवीकडे सर्वांत फिकी, अशा ओळीने मांडतात. फरक इतका सूक्ष्म, की परक्या माणसाला तो दाखवल्याशिवाय दिसत नाही. निसर्गानेच सगळी पाने एकाच रंगाची केली असती, तर या कारागिरांना काम उरले नसते. खोक्यातल्या पंचवीसच्या पंचवीस सिगारी एकसारख्या डांबरी काळ्या दिसल्या, शिरासुद्धा त्याच रंगात बुडालेल्या दिसल्या, तर मनात पाल चुकचुकावी.

राख पाहून मात्र काही कळत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ मधल्या पहिल्या होम्स-कादंबरीत शेरलॉक होम्स खुन्याच्या सिगारची गडद, पापुद्र्यांची राख पाहून ती त्रिचनापल्लीची आहे हे ओळखतो. त्रिचनापल्ली म्हणजे आपले तमिळनाडूतले तिरुचिरापल्ली. तिथल्या चिरुटांचा व्यापार एके काळी थेट लंडनपर्यंत पोचला होता, म्हणून तर कादंबरीत ते नाव आले. राखेचा रंग मुख्यतः पानातल्या क्षारांवर, म्हणजे माती आणि खतांवर अवलंबून असतो. ती गावाचा पत्ता सांगू शकेल, एक वेळ खुन्याचाही, पण पानाला रंग फासला होता काय हे सांगणार नाही.

काळी सिगार म्हणजे कडक सिगार, हा समजही असाच. कडकपणा मुख्यतः आतल्या भरण्यावर ठरतो. वरचे काळे पान पुष्कळदा फिक्या पानापेक्षा गोडसर लागते. अर्थात गोडसर असो की कडक, रंगवलेली असो की अस्सल, सिगारच्या धुरात कर्करोग घडवणारी द्रव्ये असतातच. धूर छातीत न ओढता तोंडातच घोळवला, तरी तोंडाचा आणि घशाचा धोका टळत नाही. या खोऱ्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, ओढून पाहण्याची गरज नाही.

जायचे तर

हार्टफर्डहून विंडसर दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या नॉर्थवेस्ट पार्क या उद्यानात लडी-टेलर कनेक्टिकट व्हॅली तंबाखू संग्रहालय आहे. जुनी अवजारे, पाने ओवायच्या पट्ट्या, मांडवाचे कापड, मळ्यावरच्या मजुरांची छायाचित्रे तिथे मांडलेली आहेत आणि शेजारच्या कोठारात शिरून वर आढ्यापर्यंत नजर टाकता येते. पाने नसली तरी वास असतो. लाकडात इतकी वर्षे तो मुरला आहे. मुलांना नेण्यासारखी ही जागा आहे, उद्यानात पायवाटाही सुंदर आहेत. निघण्यापूर्वी उघडण्याचे वार आणि वेळा तेवढ्या विचारून घ्याव्यात.

पांढरे मांडव पाहण्याच्या आशेने गेलेल्यांची मात्र निराशा होण्याचा संभव आहे. एक्वादोर देशात डोंगरांवर वर्षभर ढगांचे छत असते, तिथे कापडाशिवायच सावलीतले पान पिकू लागले, तेही इथल्याच बियाण्याचे आणि स्वस्त मजुरीचे. त्यामुळे खोऱ्यातले मांडव एकेक करून उतरले. विंडसरभोवतालच्या कित्येक शेतांवर आज अजस्र गोदामे आणि कचेऱ्या उभ्या आहेत. जी शेते टिकली, त्यांत उन्हातल्या ब्रॉडलीफचा वाटा मोठा, कारण काळ्या सिगारची आवड वाढली आणि असे जाड, सोशिक पान दुसऱ्या मातीत तसेच उतरत नाही. फिके पान परदेशी गेले, काळे मागे राहिले. नदीच्या पूर्वेकडे ईस्ट विंडसर, एन्फील्ड, एलिंग्टन, पश्चिमेकडे सफील्ड आणि थेट मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅडली-हॅटफील्डपर्यंत रस्त्याने जाताना ही शेते आणि कोठारे दिसतात. कोठारे खासगी आहेत, तेव्हा आत डोकावण्यापूर्वी मालकाला विचारावे. शेतकरी कामाच्या घाईत नसेल, तर सहसा नाही म्हणत नाही.

कापणी पाहायची तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. सप्टेंबरात कोठारे भरलेली असतात आणि फटींतून पिवळी-तपकिरी पाने लोंबताना दिसतात. ऑक्टोबरात न्यू इंग्लंडची झाडे लाल-केशरी होतात आणि बहुतेक पाहुण्यांचे कॅमेरे तिकडेच वळतात. पण ज्याला काळ्या पानाचेच कुतूहल आहे, त्याने त्यानंतरचा एखादा कुंद, धुक्याचा दिवस गाठावा. वाळलेले पान पापडासारखे कडकडीत असते, हात लावताच चुरा होतो. हवा ओली झाली, की ते चामड्यासारखे मऊ पडते आणि तेव्हाच खाली उतरवता येते. शेतकरी अशा हवेची कधी कधी आठवडाभर वाट पाहत असतो. मग एके पहाटे खोऱ्यावर धुके उतरते, घराघरांतून फोन वाजतात आणि माणसे अंधारातच कोठाराकडे धावतात. ऊन वर यायच्या आत सगळे पान खाली यायला हवे असते.